खोलीचा भाव फोनवर ठरतो : हॉटेलची बोली लावायची कशी?

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी. बोलताना अडखळलो ती वाक्यं तेवढी सरळ केली आहेत, बाकी सगळं जसंच्या तसं.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलेला आहे : हॉटेलची खोली स्वस्तात कशी मिळवायची? आधीच सांगतो, कूपन कोड देणार नाही. कोड आज चालतो, परवा बंद पडतो. त्याऐवजी खोलीचा भाव कसा ठरतो आणि तो खाली कधी येतो, ते समजून घेऊ. ते एकदा कळलं की कोड लागत नाही.

मी दोडामार्गातून बोलतोय. आमच्याकडे पर्यटक येतात ते तिलारीला, मांगेलीच्या धबधब्यावर. पण आम्हाला स्वतःला बाहेर खोली लागते तेव्हा दरवेळी फिरायलाच लागते असं नाही. कुणाची पुण्यात परीक्षा असते, कुणाचा कोल्हापुरात इंटरव्ह्यू असतो. आणि दोडामार्गातल्या कितीतरी घरांत कधी ना कधी एक फोन येतो, ‘बांबोळीला ॲडमिट केलंय.’ मग गोवा मेडिकल कॉलेजच्या आसपास चार-पाच रात्रींची सोय बघावी लागते. तेव्हा मोबाइलवर दिसणारा रेट आणि खिशातले पैसे यांचा मेळ बसत नाही. म्हणून हा विषय फक्त ट्रिपवाल्यांचा नाही. ऐका.

उद्या सकाळी किंमत शून्य

सुरुवात हॉटेलपासून नको, मासळीपासून करू. मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव होतो तो तुम्ही बघितला असेल. टोपली समोर ठेवतात, आकडा पुकारतात, घेणारे वर चढवतात, दोन मिनिटांत सौदा तुटतो. एवढी घाई का? कारण मासळी थांबत नाही. संध्याकाळी ज्या बांगड्याला भाव आहे, त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी कुणी विचारत नाही.

हॉटेलची खोली मासळीपेक्षाही नाशवंत आहे. मासळी निदान बर्फात ठेवता येते, सुकवता येते. आजची रात्र मात्र साठवता येत नाही. आज खोली रिकामी राहिली, तर उद्या सकाळी त्या रात्रीची किंमत शून्य. ती परत कधीच विकता येत नाही.

आणि खोली द्यायचा खरा जास्तीचा खर्च किती? चादरी धुणं, साफसफाई, थोडी वीज, गरम पाणी, सकाळचा चहा. इमारतीचं कर्ज आणि कामगारांचा पगार खोली भरली तरी द्यायचा, रिकामी राहिली तरी द्यायचाच. म्हणजे २००० रुपये रेट असलेली खोली रिकामी ठेवण्यापेक्षा १३०० ला दिली, तरी मालकाचा फायदाच.

मग मालक सरळ १३०० चा बोर्ड का लावत नाही? कारण बोर्ड सगळे वाचतात. जो २००० द्यायला तयार होता, तोही १३०० च देईल. शिवाय पुढच्या वेळी कुणी २००० देणारच नाही, सगळे संध्याकाळपर्यंत थांबतील.

आजच्या भागाची गोष्ट इथेच आहे. मालकाला रेट कमी करायचा असतो, पण तो सगळ्यांना दिसायला नको असतो. स्वस्त खोली मिळते ती या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत. बोली लावायच्या साइट्स याच फटीवर उभ्या राहिल्या.

‘तुमची किंमत तुम्हीच सांगा’

१९९८ मध्ये अमेरिकेत जे वॉकर यांनी प्राइसलाइन नावाची साइट सुरू केली. आधी विमानाची तिकिटं, मग हॉटेलं. पद्धत उलटी होती. साइट तुम्हाला रेट सांगायची नाही, तुम्ही साइटला सांगायचा. शहर निवडा, शहराचा भाग निवडा, किती स्टारचं हॉटेल हवं ते निवडा, तारखा टाका, किती द्याल तो आकडा टाका आणि क्रेडिट कार्डचा नंबर द्या.

यात गंमत काय, तर हॉटेलचं नाव तुम्हाला दिसायचं नाही. एखाद्या हॉटेलला तुमचा आकडा परवडत असेल तर बोली मंजूर, कार्डावरून पैसे कट, आणि त्यानंतर नाव उघड. मग परत फिरायची सोय नाही. कॅन्सल नाही, तारीख बदलून मिळणार नाही.

आता वरची फट आठवा. हॉटेलला रेट पाडायचा होता, पण नावावर डाग नको होता. नाव झाकलं की प्रश्न सुटला. ज्याला तेच हॉटेल हवं आहे तो पूर्ण पैसे भरणार. ज्याला ‘त्या भागातलं कुठलंही चार स्टार चालेल’ तो स्वस्तात घेणार. म्हणजे सवलत फुकट नव्हती. तुम्ही तुमची निवड सोडून द्यायचात, तिचा मोबदला म्हणून स्वस्त रेट मिळायचा. पुढे हॉटवायर नावाच्या साइटने हेच केलं, फक्त तिथे आकडा साइट सांगायची आणि नाव झाकलेलं असायचं.

प्राइसलाइनने नंतर बोलीची पद्धत हळूहळू गुंडाळली आणि झाकलेल्या नावाचे ठरलेले रेट ठेवले. लोकांना अंदाज बांधत बसायचा कंटाळा आला, मोबाइलवर पटकन बुक करायची सवय लागली. तीच कंपनी आज बुकिंग होल्डिंग्ज या नावाने ओळखली जाते. आपण वापरतो ते बुकिंग डॉट कॉम आणि अगोडा दोन्ही तिचेच. आपल्याकडे हॉटेलची बोली फारशी रुजलीच नाही. कधीतरी एखाद्या ॲपवर नाव झाकलेली ‘सिक्रेट डील’ दिसते, ती याच घराण्यातली.

बोलीचं गणित

बोली बंद झाली असली तरी तिच्यातलं गणित आपल्याला कामाचं आहे. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे हा भाग मला जरा जास्तच आवडतो.

समजा हॉटेलने साइटला सांगितलंय, १५०० च्या खाली देऊ नका. हा आकडा तुम्हाला माहीत नाही. तो १००० ते २००० च्या मध्ये कुठेतरी आहे एवढाच अंदाज. इंजिनियर लगेच म्हणेल, बायनरी सर्च लावा! मधला आकडा विचारा, मग उरलेल्या अर्ध्याचा मधला, असं करत सात प्रश्नांत दहा रुपयांच्या आत उत्तर सापडतं.

पण इथे ते चालत नाही. का? कारण पहिला ‘हो’ आला की खेळ संपतो. तुम्ही १७५० टाकले, ‘हो’ आलं, पैसे कट. अडीचशे रुपये जास्त गेले आणि परत विचारायची सोय नाही. म्हणून बोली नेहमी खालून सुरू करून थोडी थोडी वर न्यायची. पहिल्याच आकड्याला झटकन ‘हो’ आलं तर खूश होऊ नका, बहुतेक तुम्ही जास्त बोललात.

साइटलाही हे माहीत होतं. म्हणून नियम असा, की बोली नाकारली गेली तर तोच आकडा थोडासा वाढवून लगेच परत टाकता येणार नाही. एक दिवस थांबा, नाहीतर भाग, स्टार किंवा तारीख यांतलं काहीतरी बदला. त्यावर लोकांनी पळवाट काढली. समजा मला शहराच्या पहिल्या भागातच चार स्टार हवं आहे. तिसऱ्या भागात चार स्टार हॉटेलच नाही हे मी आधी शोधून ठेवलंय. मग दुसऱ्या बोलीत मी ‘पहिला आणि तिसरा’ असे दोन्ही भाग निवडतो. साइटला वाटतं बदल केला. मला मात्र खोली मिळाली तर पहिल्याच भागात मिळणार. एक जादाची बोली फुकट!

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, समोरच्याचा शेवटचा आकडा कुठे असेल याचा अंदाज बांधल्याशिवाय बोली लावू नका. दोन, वर चढणं सोपं असतं, खाली उतरणं अवघड. आता या दोन गोष्टी घेऊन आपल्या किनाऱ्यावर येऊ.

आपल्याकडचा आकडा कुठे लपलाय?

आपल्याकडे ॲपवर बोली नाही, ठरलेला रेट आहे. पण त्या रेटमध्ये सगळे पैसे हॉटेलवाल्याचे नसतात. ॲप कमिशन घेतं. ते हॉटेलागणिक वेगळं असतं, साधारण पंधरा-वीस टक्क्यांपासून पुढे.

तारकर्लीच्या एका घरगुती निवासाचं उदाहरण घेऊ. आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. ॲपवर खोली २००० रुपये. त्यावर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के आहे, आधी १२ होता. म्हणजे १०० रुपये. तुमच्या खिशातून गेले २१००.

आता मालकाकडे बघा. २००० मधून कमिशन २० टक्के धरलं तर ४०० गेले. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, ७२ रुपये, तोही मालकाच्याच हिशोबात. हातात आले १५२८.

तुम्ही दिले २१००, त्यांना मिळाले १५२८. मध्ये ५७२ रुपये आहेत. मगाशी जो लपलेला आकडा शोधत होतो, तो आपल्याकडे हा आहे. तुमच्या बोलीची खालची हद्द १५२८ आणि वरची हद्द २१००. याच्या मध्ये कुठेही सौदा झाला तरी दोघांचाही फायदा. १८०० ला ठरलं तर तुमचे ३०० वाचले आणि मालकाला २७२ जास्त मिळाले.

इथे अजून एक बारकावा आहे. ज्यांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, अशा छोट्या निवासवाल्यांना जीएसटी नोंदणी घ्यावी लागत नाही. नोंदणी नाही म्हणजे ते तुमच्याकडून जीएसटी घेऊच शकत नाहीत. पण त्यांचीच खोली ॲपवरून घेतली तर कायद्याने ॲपला तुमच्याकडून जीएसटी घेऊन सरकारकडे भरावा लागतो. म्हणजे थेट फोन करून खोली घेतली तर हा कर वाचतो, आणि त्यात काहीही चोरटं नाही. मात्र नोंदणी असलेलं हॉटेल ‘बिल नको असेल तर कमी करतो’ म्हणालं तर ती गोष्ट वेगळी. त्यात पडू नका. पुढे काही भांडण झालं तर तुमच्या हातात कागद नसतो.

‘पण ॲपवाल्यांनी मालकाला बांधून ठेवलेलं असतं ना, की आमच्यापेक्षा कमी रेट दुसरीकडे द्यायचा नाही?’ बरोबर प्रश्न. हॉटेलवाल्यांच्या करारात अशी अट असायची, तिला रेट पॅरिटी म्हणतात. हॉटेलवाल्यांच्या देशपातळीवरच्या संघटनेने यावर स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपये दंड ठोठावला, आणि मेकमायट्रिप-गोआयबिबोला हॉटेलांबरोबरच्या करारांतून ही पॅरिटीची अट काढायला सांगितली. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. ते काहीही होवो, तुमच्यासाठी अर्थ एवढाच, की थेट फोन करून रेट विचारणं हा तुमचा हक्क आहे. त्यात लाजायचं काही नाही.

आणि फोनवरचा रेट बोर्डावर लागत नाही. तो फक्त तुम्हालाच ऐकू येतो. म्हणजे प्राइसलाइनने नाव झाकून जे केलं, ते आपल्याकडे एक साधा फोन करतो.

फोन कसा करायचा?

पायरी १ : आधी दोन-तीन ॲप्सवर त्याच तारखेचा रेट बघा. पहिल्या पानावरचा नाही, अगदी पैसे भरायच्या पानापर्यंत जा. कर, फी सगळं धरून शेवटचा आकडा काय येतो तो लिहून ठेवा. कुठल्या कार्डावर सवलत असेल तर ती वजा करा. कधी कधी ॲप स्वतःच्या खिशातून एवढी सूट देतं की तेच स्वस्त पडतं. तसं असेल तर बिनधास्त ॲपवरून घ्या.

पायरी २ : खालच्या हद्दीचा अंदाज करा. ॲपवरच्या मूळ रेटमधून पाव भाग कमी केला की साधारण मालकाच्या हातात पडणारा आकडा येतो. त्याच्या खाली मागायचं नाही. तिथून पुढे तुम्ही ॲपचं कमिशन नाही, त्या माणसाची कमाई कापत असता.

पायरी ३ : फोन दुपारी जेवणं उरकल्यावर करा. सकाळी नाश्ता आणि चेक-आउटची गडबड, रात्री जेवणाची. आणि शक्यतो मधल्या वारी राहा. रविवार रात्र ते गुरुवार रात्र हा खरा स्वस्ताईचा काळ.

पायरी ४ : बोलायचं सरळ. मी साधारण असं बोलतो :

‘नमस्कार काकू, दोडामार्गातून बोलतोय. मंगळवार-बुधवार दोन रात्री, आम्ही दोघं. रूम गावतली काय?’

‘गावतली. दोन हजार पडतले.’

‘काकू, ॲपवर पण दोन हजार दिसतत. तिकडे तुमचं कमिशन जातं, आमचा टॅक्स जातो. आम्ही थेट येतो, दोन रात्री राहतो, जेवण पण तुमच्याकडेच. सतराशेत जमेल?’

‘सतराशेत नाय परवडत रे. अठराशे दी, सकाळचा चाय-नाश्ता त्यातच.’

‘चालेल काकू, पक्कं.’

बघा यात काय झालं. ‘कमी करा’ एवढंच म्हटलं नाही, कमी का व्हावं याचं कारण दिलं. दोन रात्री आणि जेवण देऊ केलं. सतराशेपासून सुरुवात केली, कारण वर चढता येतं. आणि काकूंनी पैशाऐवजी नाश्ता पुढे केला, तो घेतला. रेट हलत नसेल तेव्हा नाश्ता, उशिरा चेक-आउट, लवकर चेक-इन, स्टेशनवरून आणायची सोय असं काहीतरी मागा. मालकाला ते स्वस्त पडतं आणि तुम्हाला महागाचं असतं.

आणि एक नियम पाळा : समोरचा तुमच्या आकड्याला ‘हो’ म्हणाला की खोली घ्यायची. पाच ठिकाणी पक्कं करून चार ठिकाणी फोन न उचलणं हे वाईट. त्यांनी तुमच्यासाठी दुसरं गिऱ्हाईक परत पाठवलेलं असतं.

पायरी ५ : ठरलं की व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून घ्या. तारखा, किती माणसं, रेट, कर धरून की वेगळा, नाश्ता-जेवण, एसी आहे की नाही, कॅन्सल केलं तर ॲडव्हान्स परत किती. बोलीत ठरलेलं विसरायला होतं, लिहिलेलं राहतं.

कधी थांबायचं, कधी नाही

संध्याकाळपर्यंत थांबून रेट पाडायची युक्ती सगळीकडे सांगतात. ती चालते, पण फक्त खोल्या रिकाम्या असतील तेव्हा.

आपल्याकडचं कॅलेंडर डोक्यात ठेवा. पावसाळ्यात मालवणातून सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, वॉटर स्पोर्ट्स बंद असतात. तारकर्ली, देवबाग, वायरी इकडे खोल्या रिकाम्या. तेव्हा भरपूर घासाघीस होते. पण त्याच जुलै-ऑगस्टमध्ये शनिवारी आंबोलीत खोली मागून बघा! धबधब्यासाठी गर्दी असते, तिथे कुणी ऐकून घेणार नाही. एकाच जिल्ह्यात, एकाच दिवशी दोन टोकं.

दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवीन वर्ष आणि मे महिना यांत थांबू नका. लवकर घ्या. गणपतीत चाकरमानी गावी येतात, घरगुती निवासवाल्यांच्या घरीच पाहुणे असतात, कित्येक जण बाहेरचं बुकिंग घेत नाहीत. आणि आंगणेवाडीची जत्रा! भराडी देवीच्या जत्रेची तारीख पंचांगात छापलेली नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. ती जाहीर झाली की मालवण परिसरातल्या खोल्या भराभर जातात. इथे गावात कुणी ओळखीचं असेल तर ते कुठल्याही ॲपच्या अल्गोरिदमला भारी पडतं.

गोव्यात नोव्हेंबरमध्ये पणजीला इफ्फी असतो, डिसेंबरचं तर सांगायलाच नको. अशा वेळी पणजीतच अडून न बसता म्हापसा किंवा डिचोलीकडे बघा. प्राइसलाइनचा धडा इथेही लागू होतो : निवड जेवढी सैल, रेट तेवढा खाली.

मधला मार्ग हवा असेल तर फ्री कॅन्सलेशन असलेली खोली ॲपवर धरून ठेवा आणि मग शांतपणे फोन करा. चांगला सौदा मिळाला तर जुनी सोडून द्या. पण मुदत कधी संपते ते नीट वाचा, आणि नको असेल तर त्याच दिवशी कॅन्सल करा. मुदतीच्या शेवटच्या तासापर्यंत लटकवून ठेवलेली खोली म्हणजे कुणाची तरी शिळी झालेली मासळी.

लाल अक्षरांना घाबरू नका

‘फक्त १ खोली शिल्लक!’ ‘आत्ता ७ जण हे हॉटेल बघत आहेत!’ हे वाचलं की बोट आपोआप ‘पे’ वर जातं. थांबा. ‘१ शिल्लक’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘या ॲपला दिलेल्या खोल्यांतली १ शिल्लक’ एवढाच असतो. हॉटेलात अजून सहा असू शकतात. फोन केला की कळतं.

खोटी घाई दाखवणं, आधी कमी रेट दाखवून शेवटच्या पानावर फी वाढवणं, न विचारता विमा किंवा देणगी बिलात घुसवणं याला डार्क पॅटर्न म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्र सरकारने याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असे १३ प्रकार दिले आहेत आणि ते सगळे निषिद्ध आहेत. असं काही झालं तर स्क्रीनशॉट काढा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

थेट म्हणजे डोळे मिटून नव्हे

आता दुसरी बाजू. ॲप कमिशन घेतं, पण त्या बदल्यात काहीतरी देतं. खोली मिळाली नाही तर तक्रार करायला कुणीतरी असतं. थेट घेताना ती जबाबदारी तुमची. आणि नामांकित रिसॉर्टच्या नावाने खोट्या वेबसाइट, नकाशावर बदललेले फोन नंबर हे प्रकार होतात.

म्हणून एवढं करा. नंबर एकाच ठिकाणाहून घेऊ नका, दोन ठिकाणचा जुळतो का बघा. व्हिडिओ कॉल करून खोली दाखवायला सांगा. खऱ्या मालकाला त्यात अडचण नसते. पर्यटन खात्याच्या ‘न्याहारी व निवास’ योजनेत नोंदलेलं घर असेल तर प्रमाणपत्राचा फोटो मागा. यूपीआयवर पैसे टाकताना जे नाव येतं ते मालकाच्या नावाशी जुळतं का बघा. पूर्ण रक्कम आधी देऊ नका, एका रात्रीच्या भाड्याच्या आतच ॲडव्हान्स ठेवा. ‘रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा’ असं कुणी म्हटलं तर फोन ठेवा. पैसे मिळवायला स्कॅनही लागत नाही, पिनही लागत नाही. फसलातच तर लगेच १९३० ला फोन करा. पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

शेवटी, बांबोळीची गोष्ट

सुरुवातीला म्हटलं ना, काही वेळा खोली ट्रिपसाठी नसते. पेशंट आत आहे, किती दिवस लागतील माहीत नाही, अशा वेळी बोलीचे खेळ खेळू नका. परत न मिळणारं स्वस्त बुकिंग तर अजिबात नको. डॉक्टर उद्या डिस्चार्ज देतील किंवा आठ दिवस ठेवतील. अशा वेळी थोडे जास्त गेले तरी कॅन्सल होणारी खोली घ्या, किंवा एका रात्रीची घेऊन प्रत्यक्ष काउंटरवर जा. तिथे खरं सांगा : ‘पेशंट जीएमसीत आहे, चार-पाच दिवस लागतील, रोजचा रेट काय लावाल?’ चार-पाच रात्री सलग राहणारं गिऱ्हाईक मालकाला हवंच असतं. रोज नवीन माणूस शोधायला नको, रोज चादर बदलायला नको. तुमची गरज आणि त्याची सोय इथे जुळते, आणि रेट त्यातूनच खाली येतो.

घासाघीस म्हणजे भांडण नाही. मालकाला रिकामी खोली नको आहे, तुम्हाला जास्त पैसे द्यायचे नाहीत, आणि मध्ये पाचशे-सहाशे रुपये पडलेले आहेत. ते दोघांनी वाटून घ्यायचे. सगळेच आपल्या खिशात ओढायला गेलात, तर पुढच्या वर्षी ‘न्याहारी व निवास’चा तो बोर्ड तिथे नसेल.

तर मंडळी, पुढच्या वेळी खोली बुक करताना ‘पे’ दाबायच्या आधी एक फोन करून बघा. किती वाचले ते मला व्हॉइस नोट पाठवून नक्की कळवा, आणि फोन करून उलट महाग पडलं असेल तर तेही कळवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या. येवा!